मधला आवाज मध्ये का येत नाही?

ऑर्केस्ट्राच्या मंचावर हल्ली गायकांच्या कानात इन-इअर मॉनिटर असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला कुणीतरी एका कानातला काढून खांद्यावर सोडतोच. प्रेक्षकांना वाटतं, टाळ्या ऐकायच्या असतील. कधी असतातही. पण बऱ्याचदा एका बाजूचा नीट बसलेला नसतो, आवाज कलतो आणि कलत्या आवाजावर सूर धरणं अवघड जातं. मात्र एक कान मोकळा केला की त्यात ड्रम्सचा गोंगाट शिरतो आणि उरलेल्या कानातला व्हॉल्यूम वाढवावा लागतो. आवाज 3 डेसिबलने वाढला की तो सुरक्षितपणे ऐकण्याचा वेळ निम्म्यावर येतो, हा कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत शिफारस केला जाणारा हिशेब मंचावरही लागू आहेच.

स्टिरिओत ‘मध्ये’ ऐकू येणारा गायक खरं तर कुठेच नसतो. त्याचा आवाज डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये सारखाच भरलेला असतो आणि त्याला मध्यभागी उभा करतो तो दोन्ही कानांतल्या आवाजाची तुलना करणारा आपला मेंदू. ईएमआयच्या ॲलन ब्लमलीन यांनी 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्या मुळाशीही दोन कानांची हीच तुलना होती. बाजूने आलेला आवाज लांबच्या कानात फार तर 0.6-0.7 मिलिसेकंद उशिरा आणि थोडा क्षीण पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. मग कानात घातलेल्या दोन मॉनिटरांत एक-दोन डेसिबलचा फरक पडला, तर गायक नाकासमोरून सरकून कानशिलाकडे जाणार, यात नवल नाही.

असा फरक पडतो तो मुख्यतः गळतीमुळे. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, वळणावळणाची; शिवाय एकाच माणसाच्या दोन्ही नळ्या सारख्या नसतात. मॉनिटरमधला चिमुकला ड्रायव्हर खर्जाचा दाब निर्माण करू शकतो, तो मॉनिटरच्या टोकाची मऊ टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा कोंडलेली असते म्हणूनच. बारीकशी फट राहिली की खर्ज निसटतो, वरचे स्वर मात्र जवळपास तसेच राहतात. लोक याला ‘बेस कमी आहे’ म्हणतात आणि इक्वलायझर चढवत बसतात.

गळती शोधायला आपल्याकडचं वाद्य फार कामाचं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, डावा-उजवा बॅलन्स बरोबर मध्ये आहे ना ते बघा आणि तबल्याचं एखादं स्वच्छ ध्वनिमुद्रण लावा. आता चाट आणि डग्गा दोन्ही डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवेत. चाट मध्ये राहिली आणि डग्गा उजवीकडे सरकला, तर गळती डाव्या कानात आहे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या मुळातच मोनो. त्यांच्यावर गायकाची जागा तपासता येते, फक्त नंतर कुणी ‘स्टिरिओ’ केलेली प्रत नको. डग्ग्याचा निवाडा मात्र त्या तबकड्यांवर करू नये, तेवढा खर्ज त्या काळच्या यंत्रांनी पकडलेलाच नाही.

उपाय स्वस्त आहे. डब्यातल्या लहान, मध्यम, मोठ्या टिपांपैकी डावीकडे मध्यम आणि उजवीकडे मोठी, अशी विजोड जोडी लागली तर खुशाल लावा. घालताना विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि किंचित मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. फोमची टिप असेल तर ती चिमटीत बारीक वळून आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. बहुतेक जण इथेच घाई करतात. दोन्हीकडे खोलीही सारखी हवी, कारण खोली बदलली की वरच्या स्वरांचा उठाव बदलतो. मग तोंड उघडून एक ‘आ’ लावून बघा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, म्हणून गायकांच्या कानाचा साचा घेताना तोंड उघडं ठेवायला लावतात.

बसणी नीट असूनही मधला आवाज नाहीसाच झाला, तर तारेकडे बघा. जॅक अर्धवट बसून अर्थिंगचा संपर्क तुटला की दोन चॅनेलांमधला फक्त फरक ऐकू येतो: गायक गायब, मागची व्हायोलिनं हजर. सुट्या तारेची दोन पिनांची एक बाजू उलटी बसली तरी खर्ज पोकळ होतो आणि मध्य विस्कटतो. उलट सगळंच मध्ये गोळा झालं, तर मंचावर रिसीव्हर मोनोवर राहिलेला असतो, किंवा मिक्सरवरून मॉनिटरसाठी एकच ऑक्स (आवाज बाहेर नेणारी वाट) दिलेला असतो. स्टिरिओला दोन लागतात. घरी फोनचा मोनो ऑडिओ बंद करायचा राहून जातो, तो वेगळाच.

तरीही आवाज एका बाजूला झुकत असेल, तर डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा. झुकावाने बाजू बदलली तर दोष तारेत किंवा फोनमध्ये. बाजू तीच राहिली तर आधी मॉनिटरच्या जाळीत मळ अडकलाय का ते बघा. जाळी साफ असेल आणि दुसऱ्या कुणाच्या मॉनिटरवरही तोच कान मंद वाटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बहुधा मळच निघेल. पण एका कानाचं ऐकणं अचानक, एका दिवसात कमी झालं असेल तर थांबू नका. त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले.