सकाळी गाडी सुरू होत नाही तेव्हा

आज आम्ही रावेतहून बोलतोय. विषय आहे आपल्या गटाच्या जुन्या पिकअप गाडीचा. ही गाडी दिवसभर नीट चालते, पण पहाटे सुरू व्हायला रडते.

आमच्या गटाकडे अशीच एक जुनी डिझेल पिकअप आहे. पहाटे 4 वाजता भाजी भरून मोशीच्या बाजारात पोचायचं, हा आमचा रोजचा क्रम. दिवाळीनंतर गाडी नखरे करायला लागली. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची, मग शेजारपाजारच्यांना उठवून धक्का मारायचा. बाजारात पोचेपर्यंत चांगला भाव गेलेला असायचा आणि कोथिंबीर मान टाकायची. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच भरावा लागतो.

आधी आम्ही नवी बॅटरी घेतली. चार दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. मग गॅरेजवाले म्हणाले, "पंप उतरवावा लागेल." तो खर्च गटाच्या महिन्याच्या शिल्लकेपेक्षा मोठा होता. तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "पैशाचा हिशेब वहीत लिहितो, तसा आठ दिवस गाडीचाही लिहू. मग ठरवू." त्या वहीमुळे आमचे पैसे वाचले. कसे, ते सांगतो.

आधी इंजिन समजून घेऊ

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. दाबली की हवा तापते. डिझेल इंजिनात हवा साधारण 20 पट दाबली जाते आणि 500 अंशांच्या पुढे तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आला की ते आपोआप पेटतं. पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी इथे लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं असं इंजिन 1897 साली नीट चाललं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

म्हणजे गाडी सुरू व्हायला तीन गोष्टी हव्यात: सेल्फने इंजिन जोरात फिरलं पाहिजे, आतली हवा पुरेशी तापली पाहिजे आणि डिझेल वेळेवर पोचलं पाहिजे. सगळी तपासणी या तीन प्रश्नांची आहे.

पहिला प्रश्न: सेल्फ कसा फिरतो?

चावी फिरवल्यावर कान द्या. सेल्फ नुसता "कट" करतो, की दमल्यासारखा फिरतो, की जोरात फिरूनही इंजिन पेटत नाही?

"कट" आवाज आला किंवा सेल्फ हळू फिरला, तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. लाइट तसाच झगझगीत राहिला आणि नुसतं "कट" झालं, तर सेल्फकडे किंवा त्याच्या वायरीकडे बघायला हवं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने साफ करा. बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही बघा. ती गंजली तर चांगली बॅटरीसुद्धा बिचारी वाटते.

गटाने एक साधा मीटर घेऊन ठेवावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी तपासून घ्या. गाडी चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. तेवढे नसतील तर चार्जिंग होत नाही, आणि नवी बॅटरी घातली तरी तीही उतरणार.

दुसरा प्रश्न: धूर कुठल्या रंगाचा?

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पेटत नाही, तेव्हा एकीने चावी फिरवावी आणि दुसरीने बाजूला उभं राहून सायलेन्सरकडे बघावं.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. हवा तापत नसावी. हीटर प्लग असलेल्या गाडीत एखादा प्लग गेलेला असू शकतो. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ मारायचा, ही सवयही हवी. काही जुन्या इंजिनांना हीटर प्लग नसतातच, तेव्हा आपल्या गाडीला आहेत का ते आधी विचारून घ्या. इंजिन झिजून दाब कमी झाला असेल तरी असाच धूर येतो.

काळा धूर आला तर हवा कमी पडतेय. एअर फिल्टर उघडून बघा. चाकणच्या रस्त्यांची धूळ त्यात किती बसते ते बघून थक्क व्हाल.

धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. फिल्टर चोंदला असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, डिझेल बंद करणारा सोलेनॉइड उघडत नसेल, किंवा लाइनने हवा धरली असेल.

आमच्या वहीत काय दिसलं

आम्ही रोज चार गोष्टी लिहिल्या: गाडी किती तास उभी होती, थंडी होती की ऊन, किती वेळा सेल्फ मारला आणि धूर कसा होता. आठ दिवसांत चित्र दिसलं. धूर जवळपास नसायचाच. एका दिवशी आम्ही बाजारातून परतून गाडी भर उन्हात 6 तास उभी केली, तरी ती पटकन सुरू झाली नाही. म्हणजे दोष थंडीचा नव्हता, उभं राहण्याचा होता. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास. आणि नदीकडच्या उतारावर गाडी नाक वर करून लावली की आणखीच.

मग आम्ही पहाटेच, थंडीत, सेल्फ मारायच्या आधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली! तीन दिवस तसंच केलं, तीनही दिवस तेच झालं. याचा अर्थ, उभ्या गाडीत कुठूनतरी हवा शिरत होती आणि डिझेल मागे टाकीत उतरत होतं. नाक वर असलं की ते आणखी लवकर उतरायचं.

ही वही घेऊन आम्ही गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने पाचच मिनिटं वाचली आणि टाकीकडून येणारा रबरी पाइप तपासला. क्लिपखाली त्याला केसाएवढी चीर होती. गाडी चालताना हा पाइप डिझेल ओढून घेतो, म्हणून तिथून डिझेल गळण्याऐवजी हवाच आत जायची. खाली थेंब दिसत नव्हता, म्हणून कोणाला संशय आला नाही. पाइपचा तुकडा, दोन क्लिपा आणि फिल्टरचे वॉशर बदलले. पंपाच्या मानाने तो चहापाण्याचा खर्च. बिचाऱ्या जुन्या बॅटरीत दोष नव्हताच. जास्त सेल्फ मारल्याने ती दमली होती.

चूक एकट्या मेकॅनिकचीही नव्हती. आम्ही त्याला नुसतं "सकाळी सुरू होत नाही" एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच म्हटलं, तर तोही काय करणार?

हे मात्र करू नका

गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये हात घालण्यापूर्वी गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. पदर खोचा, वेणी बांधा, बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. बॅटरीवर धातू टेकला तर जाळ होतो. बॅटरीजवळ बिडी, काडी, दिवा नको, कारण तिच्यातून पेटणारा वायू निघतो. बॅटरी सोडवताना आधी मायनसची वायर काढा, जोडताना ती शेवटी लावा.

सेल्फ एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. हवेच्या पाइपपाशी पेटती चिंधी धरू नका, आणि हीटर प्लगच्या गाडीत सुरू करायचा स्प्रे मारू नका. आत भडका उडून इंजिन फुटू शकतं. नोझलचे लोखंडी पाइप आपण सैल करू नयेत. तिथला फवारा इतक्या जोराचा असतो की तो कातडीत शिरतो. तसं झालं तर जखम सुईएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. कंप्युटर असलेल्या नव्या गाड्यांच्या डिझेल लाइनलाही हात लावू नका.

मैत्रिणींनो, "बायकांना गाडीतलं काय कळतं" हे आम्हीही ऐकलंय. टेल्कोच्या 1974 सालच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा मूर्तींनी त्यावर थेट टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून त्या रुजू झाल्या. आपल्याला इंजिनिअर व्हायचं नाही. पण आपल्या पैशाने चालणारी गाडी काय सांगते, एवढं तरी आपल्याला ऐकता यायला हवं.

पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीशेजारी गाडीची एक वही ठेवा. तास, हवा, सेल्फ, धूर, असे चार रकाने पुरे. आणि गाडी शक्यतो सपाट जागेवर लावा. आमची आता पहाटे 4 वाजता पहिल्या सेल्फला उठते. शेजारीही निवांत झोपतात.