फॉर्म जेवणाचा, पैसा शिक्षणाचा

इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळेला गरीब घरातल्या प्रत्येक मुलामागे २०२५-२६ या वर्षासाठी १,५१५ पौंड जादा मिळतात. माध्यमिक शाळेला १,०७५. मूल आईवडिलांपासून दुरावलेलं आणि सरकारच्या देखरेखीखाली वाढणारं असेल, तर २,६३० पौंड. शाळेचं नेहमीचं अनुदान वेगळं, हे त्याच्या वर. या पैशाला इथे ‘प्युपिल प्रीमियम’ म्हणतात. मी बर्मिंगहॅममधल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात काम करते. या पैशाने मुलांचं काय भलं होतं ते मी रोज पाहते, आणि एका कागदावाचून तो कसा हातचा जातो, तेही पाहते.

योजना सुरू झाली एप्रिल २०११ मध्ये. तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांचं आघाडी सरकार होतं आणि उपपंतप्रधान निक क्लेग यांनी ही कल्पना लावून धरली होती. पहिल्या वर्षी मुलामागे ४८८ पौंड मिळाले. त्यामागचा विचार मला आजही पटतो. ज्या मुलाच्या घरी अभ्यासाला टेबल नाही, आई पहाटे ऑफिसांची सफाई करायला जाते, दर वर्षी घर बदलावं लागतं, त्या मुलाला शिकवायला शाळेला जास्त हात लागतात. मग त्या शाळेला पैसाही जास्त हवा.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलाच्या फीपोटी सरकार शाळेला पैसे देतं. तो पैसा म्हणजे त्या जागेची किंमत. इथे प्रवेशाचा प्रश्न नाही, सरकारी शाळेत फीच नसते. हा पैसा मूल शाळेत आल्यानंतर त्याच्यासाठी आणखी काय करता येईल, यासाठी आहे.

गरीब कोण, हे शाळा घरोघर जाऊन विचारत नाही. त्यासाठी जुनीच खूण वापरली आहे, मोफत जेवणाची. ज्या मुलाला कमी उत्पन्नामुळे शाळेत मोफत जेवण मंजूर झालं, ते यादीत आलं. २०१२ पासून त्यात एक शहाणपणाची भर पडली: गेल्या सहा वर्षांत कधीही ही मंजुरी मिळालेली असली, तरी मूल यादीत राहतं. वडिलांची नोकरी गेली, वर्षभराने पुन्हा लागली, म्हणून मुलाची मागे पडलेली वाचनाची गाडी लगेच रुळावर येत नाही. हे ओळखणारा नियम ज्याने केला, त्याला शाळा माहीत होती असं मी म्हणेन.

पैशाचं होतं काय? समजा तीनशे मुलांच्या शाळेत शंभर मुलं यादीत आहेत. म्हणजे वर्षाला दीड लाख पौंडांवर रक्कम. त्यातून तीन-चार मुलांच्या गटाला रोज वाचन घेणारी एखादी बाई ठेवता येते. सकाळी शाळा भरण्याआधी टोस्ट आणि दूध देणारा ब्रेकफास्ट क्लब चालवता येतो. सहावीच्या सहलीला पैसे नाहीत म्हणून कुणी ‘पोट दुखतंय’ सांगून घरी राहत नाही. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बोलण्याचं काम. इथे चार वर्षांची मुलं रिसेप्शनच्या वर्गात येतात. त्यातली काही जेमतेम दोन शब्द जोडून बोलतात. तहान लागली तर बोट दाखवतात, कुणी खेळणं ओढलं तर चावतात, कारण ‘माझं आहे, दे’ एवढं म्हणायला शब्द नसतात. वाचा-भाषा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा येऊन अशा मुलांबरोबर बसते आणि बाकीचे दिवस काय करायचं ते आमच्या मदतनीस शिक्षिकांना दाखवून जाते. अशी एक मुलगी, जी दिवाळीपर्यंत कुणाशी बोलली नव्हती, ती उन्हाळ्यात ऑफिसच्या खिडकीशी येऊन मला तिच्या लहान भावाची तक्रार सांगत होती. पूर्ण वाक्यांत. त्या तज्ज्ञ बाईंचे तास प्युपिल प्रीमियममधून येतात.

पालक कधी कधी विचारतात, ‘माझ्या मुलाचे पंधराशे पौंड कुठे आहेत?’ प्रश्न रास्त आहे, पण हा पैसा मुलाच्या नावाने बाजूला ठेवलेला नसतो. तो कसा खर्चायचा हे शाळा ठरवते, आणि त्याचा आराखडा दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत शाळेच्या वेबसाइटवर सगळ्यांना वाचता येईल असा मांडावा लागतो. तो जरूर वाचावा. काय केल्याने मुलांना खरोखर फायदा होतो, हे तपासण्यासाठी सरकारने २०११ मध्ये साडेबारा कोटी पौंड देऊन ‘एज्युकेशन एन्डॉवमेंट फाउंडेशन’ ही संस्थाही उभी केली. तिचं म्हणणं असं की आधी वर्गातलं रोजचं शिकवणं सुधारा, मग मागे पडलेल्यांना छोट्या गटात शिकवा. वर्गातली मुलं कमी करणं महाग पडतं आणि त्या मानाने मिळतं थोडं.

आता कागदाचं सांगते. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये रिसेप्शन, पहिली आणि दुसरीच्या सगळ्याच मुलांना जेवण मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. निर्णय चांगलाच. पण मग अर्ज कशाला भरायचा, असं पालकांना वाटतं आणि त्यात त्यांची चूक नाही. ताट समोर येतच असतं. मात्र अर्ज नाही तर यादीत नाव नाही, आणि नाव नाही तर शाळेला पैसा नाही. काहींना लाजही वाटते. एका आईने मला हळूच विचारलं होतं, ‘ताई, वर्गातल्यांना कळेल का?’ कळत नाही. जेवण सगळ्यांचं एकाच रांगेत असतं.

दुसरी अडचण मात्र पालकांच्या हातातली नाही. यादीत येण्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारं सरकारी साहाय्य, घेणाऱ्या घराची कमाई कर वजा जाता वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत हवी. ही मर्यादा एप्रिल २०१८ मध्ये ठरली आणि तेव्हापासून हललेली नाही. तेव्हा किमान वेतन तासाला ७.८३ पौंड होतं. आठवड्याला अठरा तास काम केलं तरी माणूस मर्यादेच्या आत राहायचा. एप्रिल २०२५ मध्ये तेच वेतन १२.२१ झालं. आता बारा तास केले की तो बाहेर. आणि ही मर्यादा एका माणसाची नाही, दोघा नवरा-बायकोंची मिळून आहे. त्या घरात श्रीमंती आली असं कोण म्हणेल?

जून २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सगळ्या घरांतल्या मुलांना मोफत जेवण मिळेल. याचा मला मनापासून आनंद झाला. पण प्युपिल प्रीमियमसाठी ७,४०० ची जुनीच रेघ कायम ठेवली आहे. म्हणजे मुलाचं पोट भरेल, त्याच्या वाचनाच्या तासाचा पैसा मात्र येणार नाही. हे मला चुकीचं वाटतं. रक्कमही महागाईच्या मागे राहिली आहे: २०१४-१५ मध्ये प्राथमिकला १,३०० पौंड होते, २०२५-२६ मध्ये १,५१५. ही वाढ सोळा-सतरा टक्क्यांची, आणि महागाई याच काळात त्याच्या दुपटीहून जास्त वाढली. साहजिकच पुष्कळ शाळा हा पैसा इतर खर्चाची भोकं बुजवायला वापरतात.

निकालही पुरेसा नाही. सहावीच्या शेवटी वाचन, लेखन, गणित तिन्हींत अपेक्षित पातळी गाठणारी या यादीतली मुलं २०१९ मध्ये ५१ टक्के होती, बाकीची ७१. करोनानंतर, २०२४ मध्ये, हे आकडे ४६ आणि ६७ झाले. एकवीस टक्क्यांचं अंतर. पैसा देऊन उपयोग नाही, असं म्हणणारे यावर बोट ठेवतात. मला त्यातून उलटंच दिसतं: करोनात ज्यांच्या घरी लॅपटॉप नव्हता, वेगळी खोली नव्हती, त्यांचं जास्त नुकसान झालं आणि ते भरून काढायला आज जास्त मदत हवी आहे.

इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, आणि ज्यांची बहीण, भाचा, मित्र इंग्लंडमध्ये आहेत त्या वाचकांना, माझं एक सांगणं आहे. वर्क व्हिसावर आलेल्यांना वाटतं की आपल्याला सरकारी साहाय्य बंद, म्हणजे हेही बंद. तसं नाही. २०२२ पासून अशा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही शाळेतल्या मोफत जेवणासाठी अर्ज करता येतो, त्याने व्हिसाला धोका पोहोचत नाही, आणि मंजूर झालं की मुलाचं नाव प्युपिल प्रीमियमच्या यादीतही जातं. या यादीसाठी मुलांची मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी होते. त्याच्या आधी शाळेच्या ऑफिसात जा, अर्ज मागा आणि भरा. इंग्रजी अडलं तर तसं सांगा, ऑफिसातलं माणूस शेजारी बसून भरून देईल.