गाठ मी मारतो, दोरी तो फेकतो

गुढीपाडवा झाला की आम्ही चार मित्र हिमाचलला जातो, हे आता चारही घरांत पाठ झालं आहे. मैत्री म. स. विद्यापीठातली. नोकऱ्यांनी पांगवलं, निवृत्तीने पुन्हा बडोद्यात आणलं. रात्रीच्या गाडीने दिल्ली, पुढे मनालीची बस, औटच्या बोगद्याआधी उतरून बंजारमार्गे गुशैनी. तिथे तीर्थन नदीत आम्ही ट्राउट माशासाठी गळ टाकतो.

"मासे बाजारात मिळत नाहीत का?" हा प्रश्न ठरलेला. पण आम्ही पकडलेला मासा परत सोडतो. हात आधी ओले करायचे, गळ हळूच काढायचा आणि माशाचं तोंड प्रवाहाकडे धरून तो स्वतःहून निसटेपर्यंत थांबायचं.

या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाला गांडूळ नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो. त्याला वजनच नसल्यामुळे तो भिरकावता येत नाही. वजन असतं ते जाड दोरीला. ती मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे न्यायची. उत्तरायणात पतंगाला ढील देणाऱ्या बडोदेकराला हे लवकर जमतं! मात्र मत्स्यविभागाचा परवाना लागतो, आणि 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत विणीच्या काळात बंदी असते.

आम्हा तिघांना हे ज्याने शिकवलं, त्यालाच दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्स झाला. इतक्या बारीक गळाच्या डोळ्यातून दोरा ओवणं त्याला जमेना. "तुम्ही जा रे, मी कशाला ओझं?" म्हणून त्याने विषय मिटवला. आम्हीही गप्प बसलो असतो, पण वहिनींनी फोन केला. "ह्यांना न्या. घरात बसून नुसते हाताकडे बघत असतात."

डॉक्टरांना विचारलं. औषधांच्या वेळा कागदावर लिहून घेतल्या. खोल धारेत उतरायचं नाही, काठाच्या सपाट खडकावर उभं राहायचं आणि एकाने कायम शेजारी असायचं, एवढं ठरवलं. गाठ मी मारायची, दोरी त्याने फेकायची.

स्वस्थ असताना थरथरणारा त्याचा हात काठी फिरायला लागली की बराच शांत होतो. या आजारात अनेकांचं असं होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या चार दिवसांत त्याला एकच मासा लागला, तोही वीतभर. पण तिसऱ्या दिवशी तो माझ्यावर खेकसला, "अरे, मनगट मोडू नकोस!" इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

आपल्या मंडळातही कुणी मित्र हल्ली "तुम्ही जा" म्हणत असेल, तर लगेच मान डोलावू नका. सहल थोडी आखूड करा, वेग कमी करा, पण त्याला घेऊन जा.

यंदाची तिकिटं काढून झाली आहेत. चार जागा, त्यातली एक खालच्या बर्थची.