पावलांची आवर्ती ठेव

गुडघा दुखू लागला की ज्येष्ठ मंडळी चालणे कमी करतात. चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू दुर्बळ होतात आणि सांध्यावरचा ताण वाढतो. परिणामी वेदना वाढते व चालणे आणखी घटते. उतारवयातील कितीतरी माणसे या दुष्टचक्रात सापडून प्रथम जिना, मग बाजार, मग देऊळ आणि अखेरीस उंबरठाही सोडतात. त्यांना घरात बसविण्यात वेदनेइतकाच वाटा असतो तो पडण्याच्या आणि दुखणे बळावण्याच्या भयाचा.

सांध्याची झीज झाली, आता जितका वापर तितकी अधिक झीज, अशी समजूत या भयामागे असते. वास्तविक सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिचे पोषण होते आणि हालचाल त्यास साहाय्य करते. म्हणूनच गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये व्यायाम हा उपचाराचाच भाग गणला जातो. शिवाय दीर्घकाळ चालणारी वेदना ही प्रत्येक वेळी नव्या इजेची सूचना असतेच असे नाही.

प्रारंभ अल्प असावा आणि तो डॉक्टर वा फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याने व्हावा. खुर्चीत बसून पाय सरळ करणे व पाच आकडे मोजेपर्यंत तसाच धरणे, खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, घरातल्या घरात पाच मिनिटे चालणे, एवढेही पुरे. वाढलेले दुखणे दोन तासांनंतरही ओसरले नाही, तर पुढच्या वेळी प्रमाण घटवावे. व्यायाम सोडू नये. सांध्यावर लाली, सूज व ताप असल्यास मात्र डॉक्टरांना त्वरित दाखवावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना आधी बरा पाय आणि उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे अभ्यासातून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये ज्येष्ठांसाठी आठवड्यास किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल सुचविली. मात्र त्याहून थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा हितकारक आहे, असेही सांगितले.

कुटुंबीय मायेपोटी म्हणतात, "तुम्ही बसा, आम्ही करतो." या मायेने कामे होतात, परंतु आत्मविश्वास खचत जातो. हयातीचा दाखला 2014 पासून 'जीवन प्रमाण'द्वारे डिजिटल स्वरूपात देता येतो. सत्तरीपुढील ग्राहकांसाठी घरपोच सेवेची सूचना रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये बँकांना केली. अंथरुणास खिळलेल्यांसाठी या सोयी वरदानच आहेत. ज्यांना शाखेपर्यंत चालता येते, त्यांनी मात्र पासबुक भरून घेण्याच्या निमित्तानेही घराबाहेर पडावे. शाखेतील कर्मचाऱ्यांनी बसावयास खुर्ची द्यावी, घाई करू नये आणि सही करणाऱ्या थरथरत्या हातास वेळ द्यावा.

आवर्ती ठेवीचा हप्ता लहान असतो. नियम मोडला नाही तरच मुदतीअंती रक्कम उभी राहते. पावलांचेही तसेच आहे. वेदना पूर्णतः जाईलच असे नाही, परंतु ती सोबत घेऊनही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्याने जाऊन येता येते. ज्येष्ठ माणसाच्या लेखी ही मिळकत लहान नसते.