घिरट्या म्हणजे गोंधळ नव्हे

विमान उतरण्याआधी घिरट्या घालू लागलं की ‘खाली कंट्रोलरचा गोंधळ उडालाय’ हा निष्कर्ष तयारच असतो. कंटाळलेल्या प्रवाशाने तो काढला तर समजण्यासारखं आहे. पण व्हॅटसिमसारख्या ऑनलाइन उड्डाण-सिम्युलेशनच्या नेटवर्कवर ‘लांगेन रडार’ होऊन फ्रँकफुर्टची आभासी रहदारी सांभाळणारे हौशी कंट्रोलरही तेच मानतात, आणि एकालाही होल्डिंग, म्हणजे घिरट्या घालत थांबण्याची सूचना, न देता सत्र संपवलं की फुशारकी मारतात, हे जरा अतीच झालं. खरं लांगेन डार्मश्टाटच्या उत्तरेला, फ्रँकफुर्टच्या वाटेवर आहे. जर्मनीच्या हवाई वाहतूक नियंत्रण संस्थेचं, डीएफएसचं, मुख्यालय आणि अकादमी तिथेच. अकादमीच्या सिम्युलेटरवर शिकाऊ कंट्रोलर सूचना देतात आणि पडद्यावरची विमानं सिम-पायलट ‘उडवतात’. खेळ म्हणून हिणवलं जाणारं हे साधन मुळात व्यवसायाचं आहे.

आता साधा हिशोब करू. शेवटच्या टप्प्यात दोन विमानांमध्ये ३ सागरी मैलांचं अंतर धरलं आणि जमिनीच्या सापेक्ष वेग १४० नॉट असला, तर दर ७७ सेकंदांनी एक विमान उतरतं. तासाला सेहेचाळीसच्या आसपास. समोरून ३० नॉटचा वारा सुटला की तेच अंतर कापायला ९८ सेकंद लागतात आणि आकडा छत्तिशीवर येतो. आकाश निरभ्र, धावपट्टी कोरडी, कंट्रोलर तोच. तरी तासाला दहा विमानं कमी. ‘हवा तर छान आहे, मग थांबवलं कशाला?’ याचं उत्तर बहुधा या वाऱ्यात असतं. लंडनच्या हीथ्रोने २०१५ मध्ये अंतराऐवजी वेळेवर आधारलेली पद्धत स्वीकारली ती याच कारणाने. वर जड विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यांसाठी जास्त अंतर सोडावं लागतं ते वेगळंच. येणारी विमानं या आकड्यापेक्षा जास्त असली की उशीर होणारच. कंट्रोलरच्या हातात एवढंच उरतं, की तो उशीर कुठे घालवायचा.

होल्डिंग ही त्यातली एक जागा. प्रमाण पद्धतीत १४,००० फुटांपर्यंत एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ आणि एक मिनिट वळण, म्हणजे फेरी चार मिनिटांची. आभासी कंट्रोलरची फजिती इथेच होते. आधी ते ‘जमेल, जमेल’ म्हणत सगळ्यांना आत घेतात. मग घाईने होल्डिंग देतात आणि जागा मोकळी झाली की नेमक्या नुकत्याच पलीकडे वळलेल्या विमानाला बोलावतात. ते परत येईपर्यंत तीन-चार मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ धावपट्टी रिकामी. गोंधळ होल्डिंगमुळे झालेला नसतो, ते उशिरा दिल्यामुळे झालेला असतो. वेळेवर दिलेलं होल्डिंग, आणि सोबत पुढच्या अ‍ॅप्रोचची अपेक्षित वेळ, म्हणजे वैमानिकाला इंधनाचा हिशोब मांडता येतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हीथ्रोला चार-चार ठिकाणी विमानं फिरत ठेवतात, फ्रँकफुर्टला तसं क्वचितच दिसतं. मग फ्रँकफुर्टवाले हुशार नाहीत का? हुशार आहेत, पण उशीर त्यांनीही नाहीसा केलेला नाही. तिथे विमानं धावपट्टीला समांतर, उलट दिशेने लांब नेऊन मग वळवतात. ट्रॉम्बोन या वाद्याच्या सरकत्या नळीसारखी ती वाट कमी-जास्त लांबवता येते. चार मिनिटांच्या फेरीपेक्षा यात सेकंदांचा मेळ नीट बसतो, म्हणून ती सरस. मात्र त्या लांबलेल्या वाटेवरचे मैल हाही उशीरच. शिवाय काही उशीर निघण्याच्या विमानतळावर, जमिनीवरच घेतला जातो. तो प्रवाशाला घिरट्यांसारखा दिसत नाही, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: मग रोजच्या घिरट्याही नियोजनच म्हणायच्या का? नाही. मुंबईचंच पाहा: तिथे धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कारभार एकीवरच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने विमानं ४० ते ६० मिनिटं आकाशात फिरत असल्याचं नमूद केलं. गर्दीच्या तासातली उड्डाणं आणि उतरणं मिळून ४६ वरून ४४ वर आणली गेली, इतर वेळी ४४ वरून ४२ वर. म्हणजे दोष सापडला तो वेळापत्रकात. त्यासाठी रडारसमोर बसलेल्याला बोल लावणं हा अन्यायच.

उरलेले गैरसमज थोडक्यात. घिरट्या घालणारी विमानं एकाच उंचीवर एकामागे एक नसतात. हजार-हजार फुटांच्या थरांवर असतात, आणि सर्वांत खालचं निघालं की वरची एकेक थर उतरतात. फ्रँकफुर्टला चार धावपट्ट्या असूनही चौघींवर विमानं उतरत नाहीत: पश्चिमेची फक्त उड्डाणासाठी आहे, आणि जुन्या दोन समांतर धावपट्ट्यांत जेमतेम ५१८ मीटर अंतर आहे, म्हणून त्या दोन्हींवर एकाच वेळी, एकमेकींपासून स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. ‘फिरता फिरता इंधन संपेल’ ही भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. जेट विमानाने उतरताना तीस मिनिटांचं राखीव इंधन शिल्लक ठेवायचं असतं. तरीही २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ सव्वा तासाहून जास्त थांबवलेलं ‘अ‍ॅव्हियांका ५२’ हे प्रवासी विमान इंधन संपून कोसळलं आणि ७३ जण गेले. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, आणीबाणी जाहीर केली नव्हती. आज त्यासाठी ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे फ्युएल’ असे ठरलेले शब्द आहेत.