शहर, द्राक्षमळा, समुद्र : सोलापूर ते रत्नागिरी

फ्रान्समधल्या निवांत सहलींची आखणी बहुधा एकाच क्रमाने होते. आधी पॅरिस किंवा लियाँसारखे मोठे शहर, मग बोर्दो किंवा बरगंडीतले द्राक्षमळे आणि शेवटी अटलांटिकचा किंवा भूमध्य समुद्राचा किनारा. दोन मुक्कामांमधला प्रवास थोडा, प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री आणि सोबतीला त्या भागाचा इतिहास, शेती आणि स्वयंपाक जाणणारा वाटाड्या, ही या सहलींची मुख्य पथ्ये.

महाराष्ट्रात हाच क्रम सोलापूर ते रत्नागिरी या वाटेवर सहज बसतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट असा हा राष्ट्रीय महामार्ग १६६. पंढरपूर आणि अकलूजसाठी तेवढी वाट सोडून उत्तरेकडे वळसा घ्यावा लागतो. सोलापुरात दोन, अकलूजला दोन, कोल्हापुरात दोन आणि किनाऱ्यावर दोन-तीन मुक्काम केले, तर कुठेच धावपळ होत नाही.

या वाटेवर जे दिसते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा पावसात आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना सह्याद्री अडवतो. त्यामुळे रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर डोंगराच्या पूर्वेला पर्जन्यछायेत असलेल्या सोलापूरच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्सासुद्धा धड येत नाही. एका टोकाला ज्वारी, डाळिंब आणि द्राक्ष, दुसऱ्या टोकाला भात, नारळ आणि हापूस.

गिरण्यांचे शहर

सोलापूरची ओळख सिद्धेश्वर तलावापासून करून घेणे सोयीचे. तलावातले मंदिर सिद्धरामेश्वरांचे. बाराव्या शतकातले हे शिवयोगी म. बसवेश्वरांच्या काळातले. शहरात आणि भोवताली त्यांनी अडुसष्ट लिंगे स्थापन केल्याची परंपरा आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्डा यात्रेत उंच नंदीध्वज खांद्यावर तोलत मिरवणूक निघते आणि सिद्धरामेश्वरांचा प्रतीकात्मक विवाहसोहळा होतो. तलावाला लागूनच भुईकोट किल्ला आहे. बहमनी काळात उभारलेला हा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांकडून जिंकला.

आधुनिक सोलापूर घडवले ते सुताने. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी सुरू झाली; लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणत. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात हातमाग आणि नंतर यंत्रमाग चालवले. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण सोलापुरी चादर आणि टॉवेल टिकले. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बाजारात ऐकू येतात, तेही या कापडधंद्यामुळे आणि सीमेच्या शेजारामुळे.

मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात इंग्रज सरकारने येथे लष्करी कायदा पुकारला. या आंदोलनातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चार हुतात्मा चौकातले पुतळे त्यांचे. चीनमध्ये रुग्णसेवा करताना मृत्यू पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हेही सोलापूरचेच. भैय्या चौकातले त्यांचे घर आता स्मारक आहे.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगा चटणी हवीच. पापडासारखी कुरकुरीत भाकरी बरेच दिवस टिकते, म्हणून प्रवासातही ती सोबत चालते. थंडीत जिल्हाभर हुरड्याच्या पार्ट्या रंगतात. शेताच्या कडेला आगटी पेटवून त्यात कोवळी कणसे भाजायची आणि हातावर चोळून निघालेले दाणे चटणीबरोबर गरमागरम खायचे, एवढाच त्याचा थाट.

भीमेच्या काठाने

मंगळवेढ्याची ओळख ज्वारीचे कोठार अशी. रब्बीत पेरलेली मालदांडी जवळपास फक्त काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर वाढते. दामाजीपंत, चोखामेळा आणि कान्होपात्रा यांची नावे याच गावाशी जोडलेली. पुढे पंढरपूर. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्या सोडून गेल्यास नामदेव पायरी, चंद्रभागेचे घाट आणि जुने वाडे शांतपणे पाहता येतात. ही सहल द्राक्षतोडणीच्या मोसमातली आणि माघी एकादशीही जानेवारी-फेब्रुवारीतच येत असल्याने पंचांग पाहून तारीख ठरवावी.

पंढरपूरजवळचे कासेगाव द्राक्ष आणि बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. पिकलेली द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात. त्यामुळे सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर निघून जाते. मग ती शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर पसरतात. साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेल्याला ही सारी कामे चालू अवस्थेत पाहता येतात.

माळशिरसचे द्राक्षमळे

खाण्याच्या द्राक्षात सोलापूरचा वाटा जुना आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवड करून ‘सोनाका’ हे लांब मण्यांचे वाण पुढे आणले. वाइनची द्राक्षे मात्र वेगळी. त्यांचे मणी लहान, साल जाड आणि बी असलेले. साखर, आम्ल आणि सालीतले रंग व तुरटपणा यांचा मेळ त्यांत महत्त्वाचा. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर राज्यात या पिकाला चालना मिळाली आणि नाशिक आघाडीवर गेले. सोलापूर जिल्ह्यात हा उद्योग रुजला तो अकलूजजवळ, माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीच्या परिसरात.

तेथील फ्रातेल्ली ही कंपनी तीन भावांच्या जोड्यांनी उभारली : इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन घडवण्याची सूत्रे तोस्कानाच्या पिएरो मासी यांच्याकडे आली. मालकीत इटली असली, तरी मळ्यांतल्या बऱ्याचशा जातींचे मूळ फ्रान्समध्ये आहे. शेनाँ ब्लाँ लुआर खोऱ्यातली, शार्दोने बरगंडीची, काबेर्ने सोव्हिन्याँ आणि मेर्लो बोर्दोची, शिराझ ऱ्होन खोऱ्यातली. सांजोव्हेसे तेवढी इटलीची. ‘सेत्ते’ या वाइनमध्ये सांजोव्हेसे आणि काबेर्ने यांचा संगम आहे. पुढे बरगंडीतल्या वाइन घराण्यातले जाँ-शार्ल बुआसे यांच्यासोबत ‘जे-नून’ ही वाइनमालिकाही येथून निघाली.

बोर्दो साधारण ४५ अंश उत्तर अक्षांशावर, तर माळशिरस १८ अंशांच्या आसपास. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल पाने टाकून झोपी जाते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. सोलापूरच्या उन्हात वेलीला तशी झोप मिळत नाही. म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि नव्या काड्या वाढतात. पावसाळा सरताना फळछाटणी होते आणि घड बाहेर पडतात. पीक कोरड्या, थंड दिवसांत पिकून जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येते. फळछाटणी आधी झाली, तर फुलोरा पावसात सापडून रोग पडतो. फार लांबली, तर घड कडक उन्हात भाजतात.

तोडणी शक्यतो पहाटे करतात, कारण तापलेल्या द्राक्षाचा रस लवकर बिघडतो. पांढऱ्या वाइनसाठी साल बाजूला काढून केवळ रस आंबवतात. लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबतो आणि रंग तेथूनच येतो. पोलादी टाक्या थंड ठेवून यीस्टचे काम सावकाश चालवतात. काही लाल वाइन नंतर ओकच्या पिंपांत मुरतात. चव घेताना हलक्या पांढरीपासून गडद लालकडे जावे. तिखट शेंगा चटणीबरोबर तुरट काबेर्ने झोंबते, किंचित गोडसर शेनाँ ब्लाँ निभावते.

पंढरीच्या इतक्या जवळ येणाऱ्या सहलीत माळकरी असतात, न पिणारेही असतात. चांगला वाटाड्या त्यांच्यासाठी मळा, छाटणी आणि बेदाणा शेडची फेरी ठेवतो. वाइनरीची भेट आधी कळवून ठरवावी आणि गाडी चालवणाऱ्याने चवीपासून दूर राहावे. अकलूजमध्ये नीरेकाठचा किल्ला आणि त्यातली शिवसृष्टी पाहता येते.

मिरज आणि कोल्हापूर

मिरजेत सतार-तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या आहेत. वाद्याचा भोपळा बहुतेक पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. वाटेत आधी पाहिलेल्या शिवारातच तो पिकलेला असतो. तो वाळवून, कापून, त्यावर लाकडी पट्टी बसवून आणि जव्हारी लावून तंबोरा बोलता करतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कोल्हापुरात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्याकडे सरकतात. नोव्हेंबरमध्येही तो होतो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान, नवा राजवाडा, रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा यांना एक दिवस पुरतो. दुसरा पन्हाळ्याला द्यावा. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज येथूनच विशाळगडाकडे निसटले. तीन दरवाजा आणि अंबरखान्याची धान्यकोठारे आजही उभी आहेत. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे.

घाटाखाली समुद्र

मलकापूरनंतर आंबा घाट लागतो. काही किलोमीटरांत उघडा माळ मागे पडून दाट जंगल सुरू होते. पुढे जांभा दगड, कौलारू घरे आणि आंब्याच्या बागा दिसतात. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे, रत्नदुर्ग आहे आणि १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुले झालेले पतितपावन मंदिर आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी इंग्रजांनी बांधलेला राजवाडा १९१० चा. १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत असलेला हा राजा १९१६ मध्ये येथेच मरण पावला.

शेवटचे मुक्काम गणपतीपुळ्याला करावेत. रत्नागिरीहून आरे-वारेचा रस्ता समुद्राला धरून जातो. जवळच्या मालगुंडला कवी केशवसुतांचे स्मारक आहे. पाण्यात उतरण्याआधी स्थानिकांना विचारावे; पुळ्याचा किनारा ओढीसाठी कुप्रसिद्ध आहे. जेवणात मासळी आणि सोलकढी असतेच. आंबा मात्र द्राक्षतोडणीच्या या मोसमात मोहोरावर असतो. पिकला हापूस हवा असेल, तर एप्रिल अखेरीस यावे लागते, आणि तोवर माळशिरसची तोडणी संपलेली असते. दोन्ही एका सहलीत साधत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वीच एक निवडावे लागते.

परतीसाठी आल्या वाटेने जाता येते किंवा कोकण रेल्वेने मुंबई गाठून वंदे भारतने सोलापूरला पोहोचता येते. वाटाड्या मात्र सगळ्या वाटेला एकच असण्याची गरज नाही. सोलापुरात गिरणगाव पाहिलेला, माळशिरसला स्वतः वेल छाटणारा, मिरजेत तारा जुळवणारा आणि रत्नागिरीत भरती-ओहोटी ओळखणारा माणूस त्या-त्या मुक्कामी सोबत घेतला, तर सहलीच्या खर्चाचा काही भाग त्याच गावांत राहतो.