रोड अंगातला लठ्ठपणा

लठ्ठपणाचे रूढ माप म्हणजे बीएमआय. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की ते मिळते. ते किती फसवे असू शकते, हे 2004 साली ‘लॅन्सेट’मधल्या एका छोट्या टिपणाने दाखवले. टिपणाचे लेखक दोघे: पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय 22.3. क्ष-किरणांनी शरीरातील चरबी मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम, टिपणातल्याच मिश्कील कबुलीनुसार, रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी आत शिरण्यापुरता.

व्यायामाने या फरकाचा थोडाच उलगडा होतो. भारतीयांना टाइप 2 मधुमेह युरोपीयांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो आणि कमी वजनावर गाठतो. ऑक्सफर्डहून परतल्यावर पुण्यात रुग्ण तपासताना याज्ञिकांना हेच दिसत होते: हातपाय काटकुळे, पोट सुटलेले, वय जेमतेम चाळिशीचे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी 1992 साली मांडले, की गर्भात उपासमार झालेले शरीर काटकसरीची चयापचय-घडी बसवून जन्मते आणि पुढे सुबत्ता आली की तीच घडी अंगाशी येते.

हे तपासण्यासाठी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला. गर्भधारणेआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवणे हे त्याचे खरे बळ. असे चिकाटीचे काम आपल्याकडे विरळाच. या मातांचे सरासरी वय 21, बीएमआय 18 च्या आसपास. दिवसभराच्या आहारात सुमारे 1800 कॅलरी, आणि तेवढ्यावर शेतातली कामे, धुणी, पाणी वाहणे. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोंची भरली. तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोंची. बाळांच्या दंडाचा घेर घेतला गेला, पोटाचा घेतला गेला, आणि खवाट्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली गेली. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान भरले. खवाट्याखालची चरबी मात्र त्या मानाने जवळपास शाबूत होती. रोड दिसणारे हे बाळ आतून चरबीदार होते. लंडनच्या बाळांशी केलेल्या वेगळ्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिनही जास्त आढळले. मधुमेहाची वाट जन्माआधीच आखली जात होती.

कॅलरी कमी पडल्या म्हणून हे सारे घडले, असा सरळ निष्कर्ष काढता आला नाही. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्यांची बाळे मोठी होती. केवळ उष्मांकांशी तसा संबंध जुळला नाही. 2008 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. जवळजवळ दोन तृतीयांश मातांमध्ये ब12 जीवनसत्त्व कमी होते. मांसाहार जेमतेम आणि दूधही कमी, अशा घरांत हे अनपेक्षित नव्हते. ज्या मातांचे ब12 कमी पण फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. गरोदर स्त्रीला फोलेटसाठी फोलिक आम्लाची गोळी देऊन ब12 कडे दुर्लक्ष करणाऱ्या पद्धतीला हा निष्कर्ष अडचणीचा आहे. त्यानंतर याच मुलामुलींना, ती स्वतः आईबाप होण्याआधी, ब12 देऊन पाहण्याची ‘प्रिया’ ही चाचणी हाती घेण्यात आली.

ही मुले 18 वर्षांची झाली तेव्हा त्यांची ग्लुकोज चाचणी झाली. 37 टक्के मुलग्यांच्या आणि 18 टक्के मुलींच्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर निघाली. बहुतेक जण मधुमेहपूर्व अवस्थेत, काही थोडे मधुमेहीच. सगळ्या मुलामुलींपैकी 48 टक्क्यांचा बीएमआय 18.5 पेक्षा कमी होता. साखर वाढलेल्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीच इतरांपेक्षा वरच्या बाजूला होती, आणि जन्मताना त्यांची लांबीही कमी भरली होती.